पिन काढून बघायची

काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते भिवंडीच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानात, चालू मशीनची पिन भिंतीतून उपटत होते. मशीन गप्प झालं. काकांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं, दुकानदाराकडे पाहिलं आणि पिन परत खोचली. काउंटरवर आडवं ठेवलेलं ते मशीन किंचाळत उठलं, अर्धं फिरलं आणि अगरबत्तीच्या पितळी स्टँडला बरोबर घेऊन खाली पडलं. मी मागे उडी मारली ती थेट रंगाच्या डब्यांवर.

"दादूस, ये टेस्टिंग नहीं, गुंडागर्दी है," दुकानदार म्हणाला.

"गुंडागर्दी तुजा मशीन करतंय. मी नुसती पिन काढली," काका म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "तूच काय ती ड्रॉइंगवाली? लागलं न्हाय ना? चल, दुसऱ्या दुकानात जाऊ."

नोकरीचा माझा तो पहिला दिवस. सगळा गाव त्यांना दादूस म्हणायचा; मला ते जमलं नाही, मी काकाच म्हणत राहिले. ते खारबावकडच्या एका गावातले. जमीन गोदामांच्या खाली गेलेली, भाडं घरबसल्या यायचं. पण घरी बसणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून कापडाच्या लूमच्या कारखान्याला लागून असलेल्या एका गाळ्यात त्यांनी ओटे बनवायचं काम सुरू केलं होतं. दगडाचे नव्हे. जाड बोर्डावर सनमायका चढवलेले, ऑफिसांच्या आणि गोदामांच्या पँट्रीत लागतात ते. दगडाबद्दल त्यांचं मत असं, की तो देवळात आणि बांधावर बरा.

अशा ओट्याचा जीव कोपऱ्यात असतो. दोन पाट काटकोनात भेटतात तिथे एकाची कड आत कापायची, दुसऱ्याची तशीच बाहेर, आणि खालून बोल्ट आवळायचे. जोड इतका घट्ट बसला पाहिजे की नखाला तो लागू नये. फट राहिली की पाणी आत जातं, बोर्ड फुगतो आणि एका पावसाळ्यात ओट्याला कुबड येतं. हा काप मारणाऱ्या मशीनला राउटर म्हणतात. दोन मुठींनी धरायचं, वरून खाली लाकडात उतरवायचं आणि साच्याच्या कडेने चालवायचं. खाली बोटाएवढं पातं इतक्या वेगाने फिरतं की ते दिसतच नाही.

काकांना स्वतःला हा जोड कापता येत नव्हता. एकदा हट्टाने कापला, तर कड उंदराने खाल्ल्यासारखी निघाली. मशीनच्या ताकदीचे आकडे त्यांना कळत नसत. काळं मशीन ते घ्यायचे नाहीत, अंधारात सापडत नाही म्हणून. पण एक परीक्षा त्यांची ठरलेली. मशीनच्या बटणाशेजारी एक खटका असतो. तो दाबला की बटण दाबलेलंच राहतं, बोट दुखत नाही. काका तो खटका दाबायचे, मशीन चालू असताना पिन काढायचे आणि परत खोचायचे. मशीन आपोआप सुरू झालं तर नापास. पिन खोचल्यावरही गप्प राहिलं, बटण सोडून पुन्हा दाबेपर्यंत हललं नाही, तर पास. बाजारातली बहुतेक मशीन नापास व्हायची.

गिऱ्हाइकांना ते सांगायचे की लाईट येते-जाते, मशीन मध्येच दचकून सुरू झालं तर जोड बिघडतो. जोडाची परीक्षाही त्यांची स्वतःचीच होती. बशीत उरलेला चहा कोपऱ्यावर ओतायचे आणि खाली उकिडवे बसून थेंबाची वाट बघायचे. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. एका गोदामाचे साहेब सुटाबुटात आले होते, त्यांनाही काकांनी खाली बसवलं. "बगा, साहेब. गलतंय का?" साहेब ओट्याखाली वाकून वर बघत होते आणि मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

पिन काढायचा हा रोग गाळ्यापुरता असता तर मी त्याला धंद्याची शिस्त म्हटलं असतं. एकदा ते कागद द्यायला आमच्या घरी आले, आणि आई चटणी वाटत असताना त्यांनी उठून मिक्सरची पिन काढली. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. "ताई, चमचा घालाल त्या आधी पिन," एवढंच म्हणून ते परत खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

पुतण्याच्या हळदीत तर कहर झाला. मला आग्रहाने बोलावलं होतं. मांडवात डीजे, मागे मटणाचं वाटण करणाऱ्या बायका, आणि दोन्हींना वीज एकाच एक्स्टेन्शन बोर्डावरून. एक बाई अडकलेलं खोबरं काढायला ग्राइंडरच्या भांड्यात हात घालते आहे हे काकांना लांबून दिसलं. त्यांना पिन सापडेना, म्हणून त्यांनी सगळा बोर्डच भिंतीतून ओढला. गाणं मध्येच मेलं. नवरदेव हळदीने माखलेला, एक पाय वर. सगळा मांडव काकांकडे बघतोय, आणि काका त्या बाईला शांतपणे विचारतायत, "काढलंस का खोबरं? हात बाहेर? लावू?" बोर्ड परत लावल्यावर डीजे आणि ग्राइंडर एकदम गरजले आणि मसाला उडाला तो थेट त्यांच्या भावाच्या पांढऱ्या झब्ब्यावर. भावाने कित्येक महिने अबोला धरला.

हाच माणूस कल्याण रोडला, कोन गावाच्या पुढे, ट्रेलरच्या दोन रांगांमधून मोटरसायकल काढायचा, डोक्यावर काही नाही.

"काका, हेल्मेट?"

"केस बसतात."

केस त्यांना नव्हतेच.

मी त्यांचं कौतुक करायला बसलेली नाही. ते मालक होते आणि मालकासारखे वागायचे. घरी त्यांचं ताट आधी वाढलं जायचं. साइटवर मी शिडीला हात लावला की ते मला खाली उतरवायचे आणि माझं माप बाळाराम कारागिराकडून घ्यायचे, मग ते चुकायचं आणि ओरडा मलाच. आमच्यात खटके रोजचे. पण सगळ्यात मोठा खटका उडाला तो पूर्णा गावच्या एका गोदामाच्या पँट्रीचं काम आलं तेव्हा.

काम मोठं होतं, सगळे कोपरे इंग्रजी एलच्या आकाराचे. गाळ्यातलं जुनं मशीन जळालं होतं. कारागीर दोन: इश्तियाकभाई, ज्यांचं अर्धं आयुष्य लूमवर गेलं आणि लूम बंद पडल्यावर लाकडाकडे आले, आणि बाळाराम, कोनचा, हात चांगला, बोलणं तिखट. दोघांना मजुरी जोडामागे मिळायची. ज्याच्या हातात मशीन, त्याच्या घरात चूल. म्हणून माझं म्हणणं सरळ होतं: मशीन दोन घ्या.

आम्ही चौघं बाजारात गेलो. इश्तियाकभाईंना काय हवं ते त्यांना नीट माहीत होतं. अर्धा इंच दांडीचं पातं बसलं पाहिजे. पाव इंचाचं पातं एवढ्या जाडीत थरथरतं आणि कड लाटेसारखी निघते. मशीन वरून खाली लोण्यासारखं उतरलं पाहिजे आणि हव्या त्या खोलीवर अडकून राहिलं पाहिजे, कारण हा काप एका दमात मारत नाहीत. थोडं थोडं खोल जात शेवटचा हात मात्र न थांबता फिरवायचा. त्यांना हवं तसं मशीन त्याच दुकानात निघालं. दुकानदाराने अगरबत्तीचा स्टँड आता दोऱ्याने बांधून ठेवला होता. इश्तियाकभाईंनी मागच्या बाजूला एका तुकड्यावर काप मारून दाखवला. कड आरशासारखी. शिवाय भाव असा की दोन आरामात आली असती.

"यही है, दादूस," ते म्हणाले. "इसको बिटिया भी चला लेगी।"

काकांनी खटका दाबला, पिन काढली, खोचली. मशीन ओरडत उठलं. दोरा तुटला.

"न्हाय."

"अरे, पर काम तो मेरे को करना है। हाथ मेरा है।"

"हात तुजा हाय म्हनूनच न्हाय."

शेवटी मुंबईहून एक मशीन मागवलं. ते पिनेच्या परीक्षेत पास झालं आणि बाकी सगळ्यांत कसंबसं. जड, उतरताना कुरकुरणारं, महाग. दोनच्या जागी एकच आलं. इश्तियाकभाईंनी ते उचललं आणि म्हणाले, "भैंस है।" बाळारामच्या हातात पॉलिशपेपर आला.

मी पेटले. गाळ्यात मापं लिहायचा एक पांढरा फळा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यावर लाल मार्करने लिहिलं: एक मशीन, दोन कारागीर. बाळारामच्या पोटाचा विचार कोण करणार?

काका आले, फळ्यासमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने वाचलं. मी नोकरी गेली असं धरून चालले होते.

"बाय," ते म्हणाले, "अक्षर मोठं काढ. दारातनं दिसत न्हाय."

"काका, मी मस्करी करत नाहीये."

"मी पन न्हाय. पुसू नको कोनी ह्ये." आणि ते आत निघून गेले. मशीन मात्र एकच राहिलं. बाळाराम दिवसभर कडा घासायचा आणि येता-जाता मला ऐकवायचा, "ताई, तुमच्या फल्यानं पोट भरतंय का बगतूं."

एवढा हट्ट कशापायी? मला वाटायचं, कुठेतरी रक्त सांडलेलं असणार. आमच्या घरी पलंगाखाली कामगार युनियनच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. प्रत्येक पत्रक कोणाच्या तरी नावाने सुरू व्हायचं, आणि ते नाव हात गेलेल्या किंवा जीव गेलेल्या माणसाचं असायचं. तेव्हा काकांच्या पिनेमागेही असं एक नाव असणार याची मला खात्री होती. बाळाराम म्हणाला, त्यांच्या चुलत्याचा पंजा लूममध्ये गेला. चहावाला म्हणाला, चुलता नव्हे, मेव्हणा, आणि लूम नव्हे, भातगिरणी. मी ते नाव शोधत राहिले. खरं तर मला ते लिहायचं होतं.

एका दुपारी मी सरळ विचारलं. काका ओट्याखाली उकिडवे बसले होते, चहाच्या थेंबाची वाट बघत.

"काका, कोणाला काय झालं होतं? मला लिहायचंय."

"कवा?"

"पिन काढायची राहिली म्हणून. चुलत्यांना का?"

"चुलता सकालीच भेटला. चांगला हाय."

"मग मेव्हणे?"

"कोनाला काय झालं न्हाय, बाय."

"कोणालाच नाही? मग तुम्ही हे सगळं…"

ते ओट्याखालून बाहेर आले, गुडघे धरून उभे राहिले आणि माझ्याकडे असं बघू लागले जसं मी काही घाण बोलले होते.

"व्हवा पायजे का? तुमच्यात कोनाचा हात तुटल्याबिगर अक्कल येत न्हाय का? मना दिसतंय पिन लावलेली हाय, बटन दाबलेलं हाय, लाईट कवा बी येल. येवडं दिसतंय ते पुरं न्हाय?"

आमच्या पलंगाखालच्या गठ्ठ्यांत एकही पत्रक असं नव्हतं ज्यात कोणालाही काहीही झालेलं नव्हतं. असं पत्रक निघू शकतं हेच मला कधी सुचलं नव्हतं.

मग तो दिवस आला. पूर्णाच्या कामातला शेवटचा कोपरा चालू होता. भर दुपारी लाईट गेली. बाजूच्या कारखान्यातले लूम एकदम थांबले. भिवंडीत लूमचा आवाज थांबला की कान दुखतात, इतकी शांतता होते. आणि लाईट गेली की इथे कोणी नुसतं बसत नाही. लूमवाले तो वेळ दुरुस्तीला वापरतात. तुटलेले धागे जोडायचे, तेल घालायचं, झिजलेली चामड्याची वादी बदलायची. स्विच चालूच ठेवायचा. लाईट आली हे लूमच सांगतो. इश्तियाकभाईंच्या हाडात ही सवय मुरलेली होती. पातं बोथट झालं होतं, लाईट गेलीच आहे तर बदलून घेऊ, म्हणून त्यांनी ते जड मशीन उलटं करून मांडीवर घेतलं. खटका दाबलेला. पिन भिंतीत. एका हातात पाना, दुसऱ्या हाताची बोटं पात्याभोवती. ते काहीतरी गुणगुणत होते.

मी समोर ड्रॉइंग घेऊन उभी होते. मला दिसत होतं, पण दिसत नव्हतं. काका दाराशी खुर्चीवर चहा बशीत ओतत होते.

लाईट आली.

बाजूचे लूम एका क्षणात गरजले. डोक्यावरचा पंखा फिरू लागला, ट्यूबलाईट दोनदा फडफडून लागली. ड्रॉइंग माझ्या हातातून उडालं. आणि इश्तियाकभाईंच्या मांडीवरचं मशीन गप्प होतं. ते पाना फिरवत राहिले. वर ट्यूबकडे एकदा पाहिलं, "आ गई," म्हणाले, आणि बोटांनी पातं ओढून काढलं.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. काका उठले. बशी त्यांच्या हातातून कुठे पडली ते मला ठाऊक नाही. ते भिंतीपाशी गेले, पिन काढली, परत आले, इश्तियाकभाईंचा पंजा धरून ट्यूबच्या उजेडात नेला आणि एकेक बोट वेगळं करून पाहिलं. मग हात सोडला आणि त्यांच्या कानाखाली मारली.

"काका," मी म्हणाले. "हात उचलायचा नाही. मालक असाल तुमच्या घरचे."

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"मारा क्यूँ?" इश्तियाकभाई गाल चोळत म्हणाले. त्यांना राग येण्यापेक्षा कोडं पडलं होतं. "हुआ क्या? कुछ हुआ तो नहीं।"

मलाच सांगावं लागलं: बटण दाबलेलं होतं, पिन लागलेली होती, लाईट आली. इश्तियाकभाई हसले. मग मांडीवरच्या मशीनकडे पाहिलं. खटक्यावर अंगठा ठेवून पाहिला. तो दाबलेलाच होता. मग त्यांनी मशीन अगदी हळू खाली ठेवलं, दोन्ही हात काखेत घातले आणि कितीतरी वेळ ते बाहेर काढलेच नाहीत.

"भैंस ने बचा लिया," ते शेवटी पुटपुटले.

काका त्यांच्यासमोर खाली बसले. "मार मना," म्हणाले. "चुकलं. मार."

"छोड़ो दादूस। चाय पिलाओ।"

संध्याकाळी गाळा बंद करायच्या वेळी काका मार्कर घेऊन माझ्याकडे आले. "लिव आता, बाय. तुना लिवायचं व्हतं ना."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

मी फळ्यापाशी गेले. माझं जुनं लाल वाक्य तसंच होतं. त्यांनी खरंच कोणाला पुसू दिलं नव्हतं. त्याच्या खाली मी लिहिलं: आज इश्तियाकभाईंना काहीही झालं नाही. लिहून झाल्यावर मागे सरले आणि वाचलं. जगातलं सगळ्यात बिनकामाचं वाक्य दिसत होतं ते, आणि मी ते पुन्हा एकदा वाचलं.

बाळाराम फळ्याकडे बघत पॉलिशपेपर झटकत होता. "ते झालं, दादूस. आनि वरचं? ते बी खरं हाय का न्हाय? वरचं खरं नसंल तर पुसून टाका."

काका दोन्ही ओळी हळूहळू वाचत राहिले. मला बाळारामच्या बाजूने भांडायचं होतं, पण त्या क्षणी फळा माझ्यापेक्षा चांगलं भांडत होता.

"दोन्ही ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि दिवा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवलं. बाजारात त्या दुकानासमोर आम्ही उतरलो. दुकानदाराने आम्हाला येताना पाहिलं. त्याने अगरबत्तीचा स्टँड उचलून आतल्या फळीवर ठेवला, काउंटर रिकामं केलं, मागून एक नवं खोकं आणून उघडलं, मशीन आडवं ठेवलं, पिन लावली आणि खटका स्वतःच दाबला.

काकांनी हात पुढे केला. त्या हाताकडे एकदा पाहिलं. त्यांनी तो परत घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाय, तू काढ," ते म्हणाले. "बालारामसाठी हाय. नीट बघ."